साठाला एक

मेउरिगने पहिल्या दिवशी फावडं काढलंच नाही.
दोरी, चार खुंट्या, पाणसळ,
आणि बारा मीटर पारदर्शक नळी.
ती त्याने माझ्या सिंकच्या नळावर भरली
आणि उजेडात धरून पाहिली,
नर्स सुई पाहते तशी, बुडबुड्यासाठी.

"नेस्टा, हे टोक दाराशी धर. हलू नकोस."

सत्तरीनंतर मला कुणी असं सांगितलं नव्हतं.
मी उभी राहिले.
पाणी वर गेलं, खाली आलं, घुटमळलं, थांबलं.
तिकडे दगडी गडग्यापाशी त्याच्या हातातलंही थांबलं.
मध्ये गेथिनचं अंगण.

गेथिनला त्याच्या सपाटीचा अभिमान होता.
पाहुणे आले की खिशातून गोटी काढून
फरशीवर ठेवायचा. गोटी जागची हलायची नाही.
एकोणीस वर्षं पाणीही हललं नाही.
उंबऱ्याखालून आत आलं,
भिंत गुडघ्यापर्यंत काळी झाली,
आम्ही तिथे कपाट सरकवलं,
कपाटाच्या पाठीला बुरशी आली,
आणि मी कपाटाला नावं ठेवली.

"गोटीसाठी चांगलं होतं," मेउरिग म्हणाला.
मेलेल्या माणसाबद्दल तो एवढंच बोलला.

मग चॅपलच्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब:
विटांमधली काळी रेघ, ओल अडवणारी;
तिच्याखाली दोन विटा सोडून फरशी;
तिथून पुढे ढाळ, साठाला एक.
चार मीटर ऐंशीला आठ सेंटिमीटर.
"माझा कप कलंडेल?"
"कप नाही. सांडलेला चहा मात्र निघून जाईल."
"कुठे?"

हे विचारायला नको होतं.

मागे घर. डावीकडे चढण.
उजवीकडे गडगा, आणि पलीकडे इडवल,
ज्याच्याशी आमच्या घरातून अकरा वर्षं
कुणी शब्द बोललेलं नाही.

"इथेच मुरवू," मेउरिग म्हणाला.
गुडघाभर खड्डा घेतला, तीन बादल्या ओतल्या.
रात्री मी टॉर्च घेऊन गेले. होतं तेवढंच.
सकाळीही तेवढंच,
तळाशी एक फिकट गांडूळ, आणि निळी चिकणमाती.
"इथे पाणी मुरत नाही."
मला हसू आलं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं
इथे कुठे पाणी मुरतंय ते.

गडग्याच्या पायथ्याशी त्याने नेचे उपटले.
मागे स्लेटच्या चौकटीत जुनं मोरीचं तोंड,
काँक्रीटने गच्च बंद.
थापीचे फटके ओळखीचे होते, डावखुरे.
आतमध्ये लोखंडी सळई दोन वीत गेली आणि अडकली.

म्हणजे आधी ते बुजवलं,
आणि मग अंगण सपाट केलं,
की आमच्या छपराचा एक थेंबही
इडवलच्या पाटात जाऊ नये.
मी समजत होते, त्याचा हात साफ आहे.

मी पाकीट घेऊन गेले. फाटकातून, रस्त्याने,
वळसा घालून, कारण गडग्यावरून
हाक मारायची सवय गेली होती.
इडवल कोंबड्यांचं खुराडं धूत होता.
त्याने हात पुसले. चष्मा शोधला.
रस्त्यांच्या खात्यात होता तो, निवृत्त होईपर्यंत.
पाकीट बराच वेळ वाचलं,
एवढ्या आकड्यांना लागत नाही इतका वेळ.

"आठ कमी आहेत," म्हणाला.
"तुझी ती स्लेट, शेवाळ धरते. दहा ठेव."
आणि थोड्या वेळाने:
"लेव्हल कोणी घेतली?"
"मेउरिगने. एक टोक मी धरलं होतं."
"माझ्या पाटापर्यंत घेतली नाही ना?"

दुपारी नळी गडग्यावरून पलीकडे गेली.
तो तिकडे, गमबुटांत, टोक छातीशी धरून.
मेउरिग खडूने खूण करायला वाकला.
"हलू नकोस," मी म्हटलं.
तो हलला नाही.

कपाट आता खोलीच्या मध्यावर आहे.
भिंत वाळायला इंचाला एक महिना, मेउरिग सांगतो.
भिंत नऊ इंची आहे.