समास

धर्मप्रांताचं पत्र आलं
सातवीच्या उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर.
इकडे सिस्टर अस्मिता वसावे यांचं किरटं अक्षर,
तिकडे कुणा मुलीने मांडलेलं त्रैराशिक,
उत्तर चुकलेलं, भोवती लाल गोल.

गोराईच्या देवळात माझी नोकरी दुपारपर्यंतची.
लग्नाचे दाखले, कबरीच्या पावत्या,
आणि फादर झोपलेत का विचारणाऱ्यांना
हो म्हणणं.
दाखल्यासाठी पत्रं येतात, दुबईहून, कॅनडाहून.
सातपुड्यातून कधी आलं नव्हतं.

"आमचे बोना मास्तर गेले, ऐन मोहाच्या दिवसांत.
चाळीस वर्षं अकरा पाडे पायी फिरले.
प्रार्थना शिकवली, घड्याळ बघायला शिकवलं,
हगवणीत मीठसाखरेचं पाणी कसं पाजायचं ते शिकवलं.
धर्मप्रांत आमचा लहान. जीप एकच, तीही उतारावर सुरू होते.
बिशपसाहेब झगा कमरेला खोचून धक्का मारतात.
दगडावर कोरायला जन्मतारीख हवी, वडलांचं नाव हवं.
मास्तर एवढंच सांगत,
खाडीपलीकडे माझा बाप्तिस्मा झाला,
देवळासमोर विहीर होती, पाणी गोडं नव्हतं."

विहीर आहे अजून. वर जाळी बसवली.
पाणी अजूनही गोडं नाही.

कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास.
एक अख्खं साल वाळवीने खाल्लंय,
त्या साली जन्मलेले सगळे म्हातारे
पेन्शनच्या कागदांसाठी माझ्यावर रुसलेले असतात.
मास्तरांचं साल वाचलं होतं.
लॅटिनमध्ये, तिरप्या टाकाने: बोनाव्हेंतुरा.
तारीख आगेऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची.
आईच्या रकान्यात आडवी रेघ.
वडलांच्या रकान्यात आडवी रेघ, जरा जास्त दाबून.
गाव: गोराई.
धर्ममाता: कोंसेसांव, मिठागरात टोपल्या वाहणारी.

कोंसेसांवला मी पाहिलंय.
टाचांच्या भेगांत मीठ, लाल लुगडं,
आगेऱ्याला पहिली ओंबी उचलायला मिळावी म्हणून
दरवर्षी नवीन फादरशी भांडायची.
या पोराबद्दल कधी बोलली नाही.
आम्ही विचारलंही नसतं म्हणा.

बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी चार बोटं समास सोडतात.
माणूस पुढे काय करतो ते तिथे लिहायचं.
दृढीकरण. लग्न, कुणाशी, कोणत्या देवळात.
बहुतेकांचे समास भरतात, एकदोघांचे तर
उलटून खालच्या माणसाच्या नोंदीत घुसतात.
यांचा कोरा.
एक मेलेला डास, तोही कागदाइतकाच जुना.

नक्कल हुबेहूब द्यायची असा नियम.
मी रेघाही उतरवल्या.
शिक्का मारला, पोस्टात नेऊन टाकलं.

अडीच महिन्यांनी पार्सल आलं:
जुन्या पडद्याच्या कापडात शिवलेली दोन किलो तूरडाळ
आणि एक फोटो.
काळा दगड, पाठीमागे सागाची रोपं, कडेला कुणाचं तरी
उघडं पाऊल.
बोनाव्हेंतुरा गोराई मास्तर.

"आमच्याकडे नावात मधे बापाचं नाव लागतं," सिस्टर लिहितात.
"त्या रकान्यात नुसती रेघ होती.
पाथरवटाला वाटलं खोडलंय,
त्याने पुढच्या रकान्यातलं घेतलं.
चुकलं असेल तर कळवा.
दगड मात्र आता बदलता येणार नाही,
उरलेले पैसे मुलींच्या वसतिगृहाच्या पत्र्यांना लागले."

मी कळवलं नाही.

फादरना विचारलं, समासात मरण लिहितात का.
म्हणाले, नाही, त्याचं रजिस्टर वेगळं,
आणि मिस्सेची वेळ बघायला बाहेर गेले,
नेहमीपेक्षा सावकाश, दार पुढे ओढून घेत.
मी पेन्सिल घेतली.
तारीख लिहिली. पाड्यांची नावं लिहिली,
अकरा मावली नाहीत, आठवर थांबले.

तिकडची डाळ शिजायला चिवट.
चार शिट्ट्या जास्त दिल्या
तरी एखादा दाणा
दाताखाली आलाच.