कोरडी

मोझेलकाठचा उतार इतका उभा
की गेरेऑन आधी टोपली टेकवतो,
मग स्वतःला.
पायाखाली पाटीचा दगड, काळा, सैल,
हिवाळ्याने पुसून ठेवलेला.

वाळुंजाच्या ओल्या काडीने
रीसलिंगचा वेल वाकवून बांधायचा, बदामाच्या आकारात.
हे इर्मट्राउटने शिकवलं, त्याच्या आईने,
एकही गोड शब्द न खर्चता.

तळघरात पिंप जानेवारीपर्यंत पुटपुटत होतं.
व्यापारी म्हणाला, राहू दे थोडी साखर, खपेल.
हा पिंपाला कान लावून बसला.
थांबवलं नाही.

एका पहाटे आवाज बंद.
पेल्यात हिरवट उजेड.
जिभेवर दगड, लिंबाची साल,
आणि घोट उतरून गेल्यावर
कितीतरी वेळाने
तोंडाला सुटलेलं पाणी.

कोरडी म्हणे.