मालाचा प्रकार

बिल्टीवर चौथा रकाना: मालाचा प्रकार.
आधीचा कारकून सगळ्याला एकच लिहायचा,
‘लोखंडी सामान’,
आणि साडेपाचला मोकळा व्हायचा.

मला ते जमलं नाही.
वाघिणीची स्प्रिंग म्हणजे अर्धी हवाच,
वजनापेक्षा जागा फार, ट्रान्सपोर्टवाला कुरकुरणार.
बेअरिंग कळशीएवढं, पण उचलायला दोघं,
आणि घामाचं एक बोट लागलं तरी गंज धरतं.
त्याला पिवळा कागद, वर प्लास्टिक,
आत ओल शोषणाऱ्या पुड्या.
चंदाताई त्या मोजून टाकते, मग एक जास्तीची टाकते.
रबर पॅडना ऊन चालत नाही.
बफर कुणाचंच ऐकत नाही,
त्याला चारही बाजूंनी पाचर.

पहिल्याच महिन्यात ब्रेक ब्लॉकच्या पेटीवर मी लिहिलं:
मजबूत माल, थप्पी लावण्यास हरकत नाही.
मुबीनचाचा तांबोळींनी वाचलं. बोलले नाहीत.
एक ब्लॉक उचलला, कमरेच्या उंचीवरून
फरशीवर सोडून दिला.

दोन तुकडे.

“बिडाचं आहे, बाई.
अख्खी मालगाडी थांबवेल, झिजून पत्रा होईल,
पण पडणं त्याला झेपत नाही.”
त्या ब्लॉकचे पैसे त्यांनी आपल्याच पगारातून कापायला लावले.
एक तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे,
पंख्याखाली बिल्ट्या दाबून.

तेव्हापासून त्या पेट्यांवर मी काचेच्या पेल्याचा शिक्का मारते.
हमाल विचारतात, “सरबत आहे का आत?”

आज बत्तीस पेट्या निघाल्या मुंढव्याहून.
रेल्वेचं सामान, जातंय ट्रकने;
हा विनोद इतका जुना की आता कुणी करत नाही.
घोरपडीच्या फाटकात ट्रक अडकला,
मागे स्कूटरवर मी.
मालगाडी लागली जायला.
वाघिणी मोजत एकेचाळीसपर्यंत आले
तेवढ्यात चंदाताईचा फोन,
बारा नंबरच्या पेटीची यादी टेबलावरच राहिली.
पुढचं मोजायचं राहून गेलं.

फाटक उघडलं.
ट्रक पहिल्या रुळावर चढला, उतरला,
दुसऱ्यावर चढला.
मी इंजिन बंद करून कान दिला.

आतून काही वाजलं नाही.
मागचे लोक हॉर्न मारत होते.