विधान क्रमांक तेवीस

रबाळ्याच्या पंप-कारखान्यात तीन ते चार
कँटीन रिकामं असतं, तेवढा वेळ मला मिळाला.
टेबलं पुसलेली, तरी डाळीचा वास.
एकेकाला पेन्सिल, एकेकाला चार पानं,
आणि माझं ठरलेलं वाक्य:
यात बरोबर-चूक असं काही नसतं.
कोणी विश्वास ठेवत नाही.
ज्यांनी कागदावर जन्मभर बरोबर-चूकच पाहिलं
त्यांनी का ठेवावा?

दाराशी पर्सोनेलचे सबनीस.
म्हटलं, जरा बाहेर थांबाल का?
ते हसले, आणि थांबले बाहेर,
काचेच्या पलीकडे.
म्हणून त्या दिवशी बेचाळिसांपैकी चाळीस जण
आयुष्यात एकदाही खोटं बोललेले नव्हते.
ही आठव्या विधानाची नोंद.
आठवं विधान असतंच त्यासाठी.

चाचणी मुळात परक्या भाषेतली.
कोपरखैरण्याच्या खोलीत नफीसा आणि मी
दोन महिने एकेक वाक्य मराठीत आणत होतो.
एका शब्दापाशी आठवडा गेला.
निष्ठा म्हटलं की माणसं उभी राहायची,
बांधिलकीला कोणी ओळखेना.
शेवटी नफीसा म्हणाली, आपलेपणा घे,
तो घरोघरी असतो.
निदान शब्द तरी.

तर तेवीस:
मला माझ्या कामाच्या जागेविषयी आपलेपणा वाटतो.
समोर पाच चौकोन,
अजिबात नाही पासून पूर्णपणे पर्यंत.

हरेश्वर भोईर, लेथवर सव्वीस वर्षं,
डाव्या अंगठ्याचं नख अर्धंच.
शाळेतल्यासारखा हात वर केला.
"मॅडम, जागा म्हंजे कंची?"
कामाची, मी म्हटलं.
"काम त्यांचा. जागा आमची व्हती.
यो हात धुवाचा नल हाय ना,
थय आमच्या आज्याचा खला व्हता.
मंग कंच्या चौकोनान खून करू?"

खूण. त्याच्या बोलीत ण नाही.
पलीकडच्या टेबलावर कोणी हसलं.
तो हसला नाही.

आम्हाला शिकवलंय: अर्थ सांगू नये,
तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा वाचावं.
मी वाचलं.
पाहुण्याचं ऐकून घ्यावं तसं त्यानं ऐकलं,
मग खाली समासात
पेन्सिलीनं सहावा चौकोन काढला,
चारही बाजू नीट, मापात,
आणि त्याच्यात खूण केली.

रात्री आकडे भरताना
सहाव्याला रकाना नव्हता.
नऊ टाकलं.
नऊ म्हणजे उत्तर गहाळ.

मग एकेक विधान बाकीच्यांशी ताडून पाहिलं.
तेविसाचं कोणाशीच जमेना.
एकट्या हरेश्वरमुळे नाही;
घणसोली, गोठिवली, तळवली
असे पत्ते लिहिलेले अकरा जण
त्याच एका ओळीत वेगळे पडत होते.
तेवीस वगळलं की विश्वासार्हता
शून्य दशांश चौऱ्याहत्तरवरून एक्याऐंशी.
नियम साधा आहे,
जे इतरांशी जमवून घेत नाही ते काढावं.
नफीसा म्हणाली, माणसांनाही हाच लावतात का गं?
म्हटलं, तेवढ्यासाठीच तर
अहवाल मागवलाय त्यांनी.

चोविसाला तेवीस केलं, पंचविसाला चोवीस,
असं शेवटपर्यंत.
सबनीसांनी चहा मागवला, पानं चाळली.
"चाळीस म्हणाला होतात. एकोणचाळीस आहेत."
हो, एक नीट बसत नव्हतं.
(आठव्या विधानावर माझी खूण कुठे पडली असती
ते कोणी विचारलं नाही.)

निघताना नळावर गेले.
बोटांना शाई, मनगटाला पण.
दुसऱ्या पाळीचा हरेश्वर बाही वर करत आला.
"मॅडम, पास का नापास?"
मी म्हणू लागले, यात बरोबर-चूक असं...
तेवढ्यात त्यानं साबणाची झिजलेली वडी
माझ्यापुढे धरली,
घरच्यासारखी.