पी माय

पांढरं लुगडं नेऊ नको, विशाखे.
विहारात नेसतो ते वेगळं.
तिकडे बाराच्या उन्हात बर्फाचं पाणी पडते आंगावर
अन् पांढऱ्यातून सारंच दिसते.
मी नेलं होतं. मंग दिवसभर
डोंगरेबाईचा टॉवेल पांघरून फिरली.

फोन प्लास्टिकच्या पिशवीत. पैसे दुसऱ्या पिशवीत.
दुधाची पिशवी चालते, धुऊन वाळवलेली.
चप्पल अशी घे का वाहून गेली तं रडू येऊ नये.
भन्तेजींवर पाणी उडवायचं नाही,
तान्ह्या लेकरावर नाही, फटफटीवाल्यावर तं नाहीच.
बाकी कोणावरही.
अन् तुह्यावर कोणी उडवलं तं भांडू नको,
हे काही नळावरचं भांडण नाही.

रस्त्यानं सारे वरडत येतात,
सवत्दी पी माय, सवत्दी पी माय.
मले वाटलं, पाणीच पाजून राहिले:
पी माय, पी.
मी तोंड उघडलं अन् नाकात गेलं.
टूरवाला हासला. म्हणे, मावशी, पी माय म्हणजे नवं वर्ष.
असंन. पण एप्रिलच्या तेरा तारखेले
मले आजवर कोणी एवढ्या वेळा
पी म्हटलं नव्हतं.

खरं सांगू, पयला दिवस मी रागातच होती.
ट्रकावर एवढाले ड्रम, पोट्टे पायपानं सांडून राहिले,
अन् मी मनात मोजत:
हा गेला एक हंडा. हे गेले चार.
हा आपल्या वॉर्डाचा मंगळवारचा टँकर गेला नालीत.
अरुणावतीच्या रेतीत झिरा खांदून
वाटी वाटीनं घागर भरलेली बाई मी,
माहा हात उचलतच नव्हता.
हॉटेलात जाऊन बसली.
नळ चालू करून पाहिला. बंद केला.
तुहं बी असंच होईन. होऊ दे.
एक दिवस लागतेच.

दुसऱ्या दिवशी विहारात ने म्हणा.
तिथं पाणी फेकत नाहीत.
चांदीसारखी वाटी, आत पाकळ्या, वास मोगऱ्याचा,
बुद्धाच्या खांद्यावर हळूच सोडायचं, डोक्यावर नाही.
मंग म्हातारे रांगेनं बसतात खुर्च्यांवर
अन् पोरं-नातवंडं त्यायच्या हातावर पाणी घालतात.
मी बाजूले उभी. तं एका पोट्ट्यानं, दहावीतला असंन,
मलेच खुर्ची देली.
वाटी घेऊन वाकला. मी हात पुढे केले,
तो वरून पाणी सोडणार, तेवढ्यात
मागे घेतले.

कावून, ते तुले ठाऊक नाही.
माही आजी विहिरीवर अशीच ओंजळ धरून बसे,
भांडं लागू नये म्हणून कोणी उंचावरून ओते,
अर्धं कोपरावरून मातीत.
ते पाहिलं मी. पाच वर्षांची असंन.
हात इसरत नाहीत बाप्पा, आपण इसरलो तरी.

पोट्टं तसंच वाकून थांबलं.
त्याले वाटलं, पाणी लय थंड आहे.
त्यानं वाटी दोन्ही तळव्यांत धरून
थोडी ऊब देली, खरंच, अंड्यावानी,
अन् मंग माह्या बोटांले वाटी टेकवून
ओतलं.

तं एवढंच, हात मागे घेऊ नको.
घेतले तं पुन्हा पुढे कर. ते थांबतात.

चौदा तारखेची आपली मिरवणूक चुकीन, वाईट वाटीन.
निखाड्याच्या पोराले व्हिडिओ पाठवाले सांगितला आहे.
गालाले पांढरं पीठ लावतात, लावू दे, धुतलं जाते.
ओल्या कपड्यानं एसी बसमध्ये बसू नको.
अन् पासपोर्ट,
पासपोर्टले तिसरी पिशवी.