लाल-पांढरी पट्टी

जोगेश्वरीच्या लेण्यात उतरणाऱ्या पायऱ्या
आधी उन्हात असतात, मग एकाएकी नसतात.
वर कुणाच्या पत्र्यावर गोधड्या वाळत घातलेल्या,
खाली जुन्या दगडाचा ओला वास.

मला फोटोमागे पैसे मिळतात.
एका मूर्तीचे तीन : समोरून, डावीकडून, उजवीकडून,
आणि प्रत्येकात ही पट्टी, लाल-पांढरी, वीस सेंटिमीटर,
म्हणजे ऑफिसात बसलेल्याला कळावं
देव केवढा आहे.

वाळकेश्वर मंगळवारी झालं. तळ्याच्या पायरीवर
पिंड मांडून बसलेले गुरुजी हळूच म्हणाले,
"यजमानांचं तोंड येऊ देऊ नका,
त्यांनी कामावर आजारी असल्याचं कळवलंय."
गिल्बर्ट हिलच्या गावदेवीपाशी वारा असा
की पट्टी उडून कठड्यापलीकडे गेली,
एका पोराने दहा रुपये ठरवून ती शोधून आणली.
माझगावात क्रुसापुढे मेणबत्ती लावणाऱ्या बाईने
आधी क्रुसाचा हार सरळ केला,
मग स्वतःचे केस.
सगळीकडे एकच सांगत आलो :
जरा सरका. देव एकटा पाहिजे.

इथे सांगावं लागलं नाही. दुपार, कुणीच नाही.
द्वारपालाचा चेहरा गेलेला, पोट गेलेलं,
चघळून ठेवलेल्या खडीसाखरेसारखा दगड,
एक हात तेवढा शाबूत,
कोपरापासून बोटांपर्यंत.
पट्टी लावली. समोरून. डावीकडून.

"देवीचा काढायचा नाही."
मागे यमुना गुरव. हातात खराटा, कमरेला किल्ली.
नाही काढत, म्हटलं.
"आणि माझा?"
काढतो की.
"माझा म्हणजे माझा नव्हे हो,"
आणि तिने पिशवीतून काढली
धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, तिच्यात वर्तमानपत्र,
वर्तमानपत्रात आई.

सावंतवाडीच्या स्टुडिओतली. मागे रंगवलेला महाल.
डावा डोळा, नाक, हनुवटी वाळवीने नेलेली.
"स्टेशनपाशी एकाला दिला होता नीट करायला.
तीनशे घेतले मेल्याने
आणि दुसऱ्याच कुणाची हनुवटी लावली.
भावाने फ्रेम करून टांगलाय तो.
येता-जाता ती बाई बघते माझ्याकडे.
कान आईचे, बघणं तिचं.
जेवताना मी पाठ करून बसते.
मला हाच मोठा करून द्या, आहे तसा.
भोकासकट."

फोटो पायरीवर ठेवला,
ऊन संपतं तिथून दोन बोटं पलीकडे, सावलीत.
कडा वळायला लागली. तिने अंगठ्याने दाबून धरली.
अंगठ्याला शेंदूर, नखात राख.
सरका, अगदी ओठांवर आलं होतं.

लेन्समधून पाहिलं :
नाक नाही, पण नथ आहे.
वाळवी तिच्यापाशी येऊन
का कोण जाणे वळून गेली होती.
सात मोती, मी मोजले.
कुठेही न टोचता
जागच्या जागी.

रात्री मोठा करताना कळलं, पट्टी ठेवायची राहून गेली.
कोपऱ्यात अंगठा मात्र आहे,
आणि अंगठा केवढा असतो ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.
वहीत या फोटोची नोंद नाही.
द्वारपालाचा उजवीकडूनचाही राहिलाच,
तेवढ्याचे पैसे कापतील.

तिने मात्र तिथेच विचारलं होतं, किती झाले?
राहू द्या, म्हटलं.
तिने राहू दिले नाहीत.
कमरेची किल्ली काढली, गाभारा उघडला,
आतून एक नारळ आणला,
कानाशी धरून हलवला,
पाणी आहे याची खात्री करून घेतली,
आणि मगच माझ्या हातात दिला.