आधी जे होईल ते

पुस्तिकेत लिहिलंय:
दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने,
आधी जे होईल ते.

असली वाक्यं मी पतसंस्थेत तीस वर्षं
दुसऱ्यांकडून सह्या घेऊन मान्य करवली,
स्वतःच्या गाडीपाशी मात्र अर्धंच वाक्य वाचलं.
दाराच्या आतल्या कडेला दस्तगीर मिस्त्रीचा स्टिकर,
वर कानडीत गॅरेजचं नाव, खाली बॉलपेननं:
पुढचं ऑईल ६१,४००.
मीटर आज ५४,१८० वर.
म्हणजे सात हजार अजून हातात. मी निवांत.

विचारावं तितकी मतं.
मेव्हणा म्हणतो, पाच हजाराला बदलायचं, डोळे मिटून.
उद्यमबागेत लेथवर आयुष्य काढलेला शेजारी चौगुले म्हणतो,
सिंथेटिक घाल आणि पंधरा हजार विसरून जा.
सर्व्हिस सेंटरमधली पोरगी फोनवर
‘हेळ्री सर’ म्हणते, मी मराठीत सांगतो,
ती कानडीत समजून घेते,
साडेतीन हजार तेवढे दोघांनाही नीट कळतात.

शेवटी वडगावात, दस्तगीरकडेच.
त्यानं कांडी उपसली, फडक्यानं पुसली,
परत घातली, परत काढली.
खालची खूण, वरची खूण, तेल बरोबर मधे.
“लेवल हाय की ओ,” मी म्हटलं.
तो बोलला नाही.
एक थेंब अंगठ्यावर घेऊन बोटानं चोळत राहिला,
आई पाकाची तार बघायची तसा,
मग नाकाशी नेला.
“काळं झालंय म्हणून न्हाई म्हणत सर.
काळं झालं म्हणजे काम केलं त्यानं.
पण ह्याला पेट्रोलचा वास मारायलाय.
गाडी तापतच न्हाई तुमची. जाता कुठं?”

बँक. भाजी. शैलजाचा दात.
दोन किलोमीटर, तीन किलोमीटर,
पहिल्या रेल्वे गेटाशी इंजिन बंद करून थांबणं.

“आधी दर रविवारी गडहिंग्लजला जायचासा नव्हं, आक्कांकडं?
तवा दहा हजार चालत होतं तुम्हाला.
आता तेल बसून खराब व्हायलंय.”

नेसरीच्या वाटणीचं त्याला ठाऊक नव्हतं.
सव्वा गुंठा, फणसाची दोन झाडं,
आणि आक्काच्या सोप्यात दिवाळीच्या फराळावर
मी बोललेलं एक वाक्य.
ह्या किलोमीटरांतले दोन हजार तर त्या दिवाळीआधीचेच.
मीटर नुसती चाकं मोजतो,
न गेलेले पंधरा महिने
त्याच्या काचेत कुठं उमटत नाहीत.

नट सुटला. तेल आधी दोरीसारखं,
मग थेंब थेंब पत्र्याच्या घमेल्यात.
“निथळू दे पुरतं,” दस्तगीर म्हणाला,
“जुनं आत राहिलं की नव्याला बाटवतंय.”
तोवर चहा. समोरच्या घरात मागाची खटखट.
नवा फिल्टर. वॉशर सहा रुपयांचा, तोही नवाच.
नव्या स्टिकरवर त्यानं किलोमीटर लिहिले नाहीत,
फक्त तारीख.
“आता एकदा लांब पळवून आणा. तापू दे चांगली.”

काकती. यमकनमर्डी. हत्तरगीचा टोल.
पुढं उसाच्या ट्रॉल्या, एकीमागं एक,
दुसऱ्या गिअरमधे, उतरलेल्या काचेतून मळीचा वास.
संकेश्वरला डावीकडे फाटा.
मी गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं,
कुणी विचारलं तर सांगायला तेवढंच कारण होतं.
कांडी बघायची तर इंजिन बंद करून
पाच मिनिटं थांबावं लागतं,
वर गेलेलं तेल खाली उतरेपर्यंत.
थांबलो.
कांडीवर मधाचा रंग. पुसायला रुमालच होता,
शैलजा ओरडणार.

मिरच्यांच्या पोत्याला टेकून बसलेल्या माणसानं विचारलं,
“काय बिघडलंय काय?”
“न्हाई,” म्हटलं. “गडहिंग्लज किती लांब हितनं?”

जसं काही मला माहीत नव्हतं.